न दिसणारे तेल

मोटारसायकलच्या मालकाला इंजिनातील तेलाची आठवण ठरावीक काळाने होते. साखळी सैल झाली तर तिचा आवाज येतो. ब्रेक कमी लागू लागला तर पायाला कळते. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या नळ्यांमध्येही तेल असते, याची मात्र अनेकांना कल्पनाच नसते. नळ्यांच्या या जोडीला फोर्क म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ते 'पुढचे शॉकअप'. कित्येक गाड्यांत हे तेल वर्षानुवर्षे बदलले जात नाही आणि हा दोष केवळ मालकाचा नाही.

फोर्कच्या प्रत्येक बाजूस एक नळी दुसरीत सरकते. आत स्प्रिंग आणि तेल असते. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते. पण एकट्या स्प्रिंगच्या भरवशावर गाडी उसळतच राहील. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना जो विरोध होतो, तो ही उसळी आवरतो. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीची १९३५ सालची आर १२ ही असा तेलाचा फोर्क असलेली कारखानी उत्पादनातील पहिली मोटारसायकल मानली जाते. आजच्या साध्या फोर्कचे तत्त्वही तेच आहे.

झिजलेल्या धातूचा चुरा आणि ओलावा मिसळून हे तेल करडे होते, त्याचा कस जातो. पण हा बदल इतक्या सावकाश होतो की चालकाचा हात त्याला सरावतो. ब्रेक लावताच पुढचा भाग बुडतो, खड्ड्यात हँडल झटके देते. तरी तो दोष रस्त्यालाच देतो. (रस्ताही निर्दोष नसतो, हे खरे.) अखेर सील गळून नळीवर तेलाचे कडे दिसू लागते, तेव्हा गाडी मिस्त्रीकडे जाते. डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत हे तेल ब्रेकपर्यंत ओघळले, तर तो ऐन वेळी दगा देतो.

गॅरेजमध्ये नवे सील बसते आणि तेल बहुधा अंदाजाने ओतले जाते. कधी तर उरलेले इंजिन ऑइलच. 'हाताला अंदाज असतो' हे मिस्त्रीचे म्हणणे पुष्कळ कामांत खरे आहे, येथे नाही. दोन्ही बाजूंचे तेल सारखे हवे. ते कमी पडले तर उसळी आवरत नाही. जास्त झाले तर आतली हवेची जागा घटते, फोर्क ताठर होतो आणि सीलवर ताण येतो. किती मिलिलिटर आणि कोणत्या दर्जाचे, हे कंपनीच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, पण आकडे वाचता आले तरी काम भागते. मापाचे भांडेही महाग नसते.

खरी अडचण मजुरीची आहे. इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करायचे, स्प्रिंगच्या दाबाने वरचा बोल्ट उडणार नाही अशा बेताने तो काढायचा, नळ्या वरखाली करून जुने तेल पुरते निथळू द्यायचे. इतके करूनही गाडी चमकत नाही. मग मालक घासाघीस करतो आणि पुढच्या वेळी मिस्त्री काम उरकतो. त्यापेक्षा काढलेले तेल पारदर्शक बाटलीत भरून मालकापुढे ठेवावे. तो करडा गाळ पाहिल्यावर मजुरीचा वाद बराच कमी होईल. बाटली मग गटारात रिकामी न करता जुन्या इंजिन ऑइलच्या डब्याशेजारी ठेवावी.