धारची अंडी गाजली, त्याखालचा समुद्र मात्र बेवारस

नर्मदेपलीकडे धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेतकरी ज्या गोल दगडांना ‘काकर भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले, ती डायनासोरची अंडी निघाली. 2023 च्या अखेरीस ही बातमी देशभर फिरली. त्याच वर्षी जानेवारीत याच जिल्ह्यातली 92 घरटी आणि 256 अंडी शोधनिबंधातून जगापुढे आली होती. तेव्हापासून चर्चा फक्त डायनासोरची. पण ही घरटी ज्या थरात आहेत, त्याच्या खाली चक्क समुद्र आहे, आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही.

साधारण 9 ते 10 कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोलगट पट्ट्यातून आत शिरला. आजच्या किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटरवर असलेल्या बाग, जीराबाद, चिराखान परिसरात त्याचे थर उघडे आहेत. आपल्याकडे खानदेशात जिकडे बघावं तिकडे काळा पाषाण. तो लाव्हा खूप नंतरचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. ब्लॅनफर्ड या इंग्रज भूवैज्ञानिकाने 1869 मध्येच तापी आणि नर्मदा खोऱ्यांचा अहवाल एकत्र लिहिला होता.

आता इथे समुद्र होता, आणि तोही उथळ, हे ठरवतात कसं? तळाला निमाड वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड. त्यात शार्कचे दात आणि वरच्या भागात कालवं सापडतात. कालवांना खाडीचं मचूळ पाणी चालतं, म्हणजे हा झाला नदीच्या मुखाचा भाग. त्यावर गाठीगाठींचा चुनखडक. त्यात समुद्री साळू आणि गोगलगाईसारखे वेटोळ्याचे अमोनाइट मिळतात. साळूला गोडं पाणी सोसत नाही, म्हणजे तोवर खुला खारा समुद्र आत आला होता. त्याच्याही वर ‘कोरलाइन’ चुनखडक. नावावरून पोवळं वाटेल, पण ते जुन्या लोकांच्या नजरेची चूक. ते तुकडे ब्रायोझोआ नावाच्या वसाहतीने राहणाऱ्या बारीक प्राण्यांचे. तुकडे मोडलेले आणि थर तिरके, म्हणजे पाणी उथळ आणि ओढ जोराची. मांडूच्या जुन्या इमारतींनाही हाच दगड वापरलाय.

सगळी मेख थरांच्या क्रमात आहे. बाजारात शंभर-दोनशेला विकलेला अमोनाइट दिसायला सुंदर, पण तो कुठल्या थरातून, कशाच्या वर नि कशाच्या खाली होता हे गेलं की तो नुसता शोभेचा दगड. अंडं उचललं तर निदान ते अंडं आहे एवढं तरी कळतं. सुट्या शिंपल्यावरून समुद्राची खोली सांगता येत नाही.

देशात जीवाश्मांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता, म्हणून केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भू-वारसा विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला. सगळे अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतात, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला. आक्षेप रास्तच, विद्यापीठांतल्या संशोधकांनी गावोगाव फिरूनच ही घरटी नोंदवली आहेत. पण ज्याच्या बांधावर थर उघडा पडलाय, त्या शेतकऱ्याला त्याचं काय मिळणार, हा प्रश्न त्या वादात मागेच पडला.

बागजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झालंय खरं, पण ते एक चौरस किलोमीटरही नाही. समुद्राचे थर त्या कुंपणाबाहेर, नाल्यांच्या काठांना आणि शेतांच्या बांधांना, दूरवर पसरलेत.