शंभर रुपयांची सीमा

भारत आणि नेपाळ यांच्यामधील सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांबीची आहे. आणि ती ओलांडण्यास दोन्ही देशांच्या नागरिकांना पासपोर्ट लागत नाही, की व्हिसा लागत नाही. एकमेकांच्या देशात जाण्यायेण्याची, राहण्याची व व्यापारउदीम करण्याची मोकळीक ३१ जुलै १९५० च्या मैत्रीच्या तहाने उभयपक्षी मान्य केली. तहाच्या कितीतरी आधीपासून तेथील लोकांनी ती मान्य केलेलीच होती. रक्सौलची लेक बीरगंजला नांदावयास जाते आणि बीरगंजचा माणूस बाजारहाटासाठी रक्सौलला येतो. 'रोटी-बेटी'चा संबंध म्हणतात तो हाच. जगात शेजारी राष्ट्रे पुष्कळ आहेत. असा उंबरठा फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

पण माणूस मोकळा आणि त्याच्या हातातील पिशवी मात्र संशयित, अशी विचित्र अवस्था या उंबरठ्यावर दिसते. २०२३ साली नेपाळने भारतातून आणलेल्या शंभर नेपाळी रुपयांवरील मालावर जकात घेण्याच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली. १९९३ पासून ठरलेल्या दराने नेपाळी शंभर रुपये म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये. एवढ्यात आठवड्याचा किराणाही येत नाही. तराईतील जनतेने याविरुद्ध आवाज उठवला, यात नवल ते काय?

मात्र शेजाऱ्याकडे बोट दाखविताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्या सरकारने २०१६ साली केलेल्या बॅगेज नियमांत नेपाळहून विमानाने येणाऱ्यास पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू जकातीवाचून आणण्याची सवलत होती. त्याच नेपाळहून जमिनीवरून येणाऱ्यास मात्र वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंपलीकडे काहीही माफ नव्हते. ज्याला विमानाचे तिकीट परवडते त्याला सवलत आणि जो सायकलीवरून नाका ओलांडतो त्याची झडती, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? ही चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचीच रीत झाली.

जकातखात्याचीही एक बाजू आहे, आणि ती आम्ही नाकारीत नाही. नेपाळच्या तिजोरीचा मोठा आधार सीमाशुल्क हाच आहे. लोक रक्सौलला खरेदी करू लागले की बीरगंजचा दुकानदार हात चोळीत बसतो. शिवाय मोठा मालही लहान लहान गाठोडी करून दहा डोक्यांवरून पलीकडे नेता येतो, हे सीमेवर कोणास ठाऊक नाही? सुरक्षिततेचा प्रश्न तर त्याहून गंभीर. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आपले विमान पळविले गेले, तो धडा विसरण्याजोगा नाही. पुढे २००१ साली या सीमेचे रक्षण सशस्त्र सीमा बलाकडे सोपविण्यात आले, ते योग्यच झाले.

परंतु या साऱ्यांतून निष्कर्ष निघतो तो निराळा. ते विमान विमानतळावरून सुटले होते. शेतातल्या पायवाटेने नव्हे. सोन्याची वा अमली पदार्थांची तस्करी करणारा माहेरवाशिणीच्या पिशवीतील साडीचोळी उचकटून सापडावयाचा नाही. त्यासाठी गुप्त वार्ता हव्यात, दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांत विश्वास हवा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे करून मनुष्यबळ तेवढे खर्ची पडते. शिवाय जो नियम पाळणेच अशक्य, तो नियम नाक्यावरील शिपायाच्या मर्जीवर जाऊन बसतो. आणि जेथे मर्जी आली तेथे चिरीमिरी फार काळ दूर राहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. सीमेवरील रहिवाशांसाठी दोन्ही सरकारांनी मिळून घरगुती मालाची एकच वाजवी मर्यादा ठरवावी आणि ती महागाईनुसार वेळोवेळी वाढवावी. गाठोडी फोडून मालाची ने-आण करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ही सवलत दिवसागणिक न ठेवता महिन्याच्या हिशेबाने द्यावी. नियम व दर हिंदी, नेपाळी, मैथिली आणि भोजपुरीत नाक्यावर ठळकपणे लावावेत. घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती मिळावी. रक्सौल व जोगबनी येथे उभारलेल्या एकात्मिक तपासणी नाक्यांचा लाभ मालमोटारींइतकाच पायी येणाऱ्यालाही व्हावा.

उभय देशांतील जाणत्या व्यक्तींच्या गटाने या संबंधांचा विचार करून २०१८ साली अहवाल सिद्ध केला. पण पुढे वर्षानुवर्षे तो स्वीकारण्याचे सौजन्यही दाखविले गेले नाही. मोठे प्रश्न मोठ्यांनी टोलवीत राहावे आणि त्याची झळ मात्र पिशवीवाल्या गरिबाने सोसावी, हे बरे नव्हे.

मुंबई-पुण्याहून पशुपतिनाथाच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू आणि आपल्या वसाहतींच्या दारांशी रात्र जागून काढणारा नेपाळी रखवालदार, दोघेही याच मोकळिकीचे वारस आहेत. सीमा उघडी ठेवण्याचा मोठेपणा दोन्ही राष्ट्रांनी दाखविला आहे. आता तेथे उभ्या असलेल्या माणसाची मान ताठ राहील, एवढे त्यांनी पाहावे.