‘सी, दोक्तोरा’ म्हणजे होकार नव्हे

मे महिना उजाडला की आमच्या टेबलावर एकाच प्रकारच्या पत्रांची रास पडते. लिहिणाऱ्यांत कुणी बीडीएस असतं, कुणी बीएचएमएस, कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रात चार वर्षं काढलेली एमबीबीएस. सगळ्यांना अमेरिकेत एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश मिळालेला असतो, ऑगस्टचं तिकीट काढलेलं असतं आणि विचारणा एकच असते : मधल्या वेळात काय शिकून ठेवू? सांख्यिकीचं कोणतं सॉफ्टवेअर? आमचं उत्तर गेली काही वर्षं बदललेलं नाही. सॉफ्टवेअर तिकडे शिकवतीलच, तुम्ही स्पॅनिश सुरू करा.

बऱ्याच जणांचा या उत्तराने हिरमोड होतो. अमेरिकेत इंग्रजी चालते ना, मग? चालते की. पण आरोग्यखात्याच्या नोकरीत ज्यांच्या दारात जायचं त्यांच्या घरात ती चालेलच असं नाही. २०२० च्या जनगणनेत तिथे ६ कोटी २१ लाख लॅटिनो मोजले गेले, म्हणजे दर पाच माणसांत जवळपास एक. घरात स्पॅनिश बोलणारे ४ कोटींच्या वर आहेत. स्ट्रॉबेरी खुडणारे, घरांवर छपरं बसवणारे, मांसाच्या कारखान्यांत दिवसभर उभे राहणारे, हॉटेलांत भांडी घासणारे हात मोठ्या प्रमाणावर यांचेच आहेत. कोणती स्पॅनिश शिकू, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. ती मूळची नाशिकची. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातल्या ‘कोलोनिया’ वस्त्यांत मधुमेहाचं काम करते. (कोलोनिया म्हणजे आपल्या गुंठेवारीची सख्खी बहीण : पाणी-गटाराचा पत्ता नसताना पाडून विकलेले प्लॉट.) एका घरी साठी ओलांडलेल्या बाई शेगडीवर कोमाल, म्हणजे सपाट तवा, टाकून तोर्तिया भाजत होत्या. मैत्रिणीने शुद्ध स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं : तोर्तिया कमी करा, गोड पेय बंद करा, गोळी रोज घ्या. बाई प्रत्येक वाक्यावर मान डोलावून ‘सी, दोक्तोरा’ म्हणत राहिल्या. हिला वाटलं, काम झालं.

बाहेर आल्यावर सोबतची प्रोमोतोरा हसली. प्रोमोतोरा म्हणजे तिकडची आशाताई, त्याच वस्तीतली, थोडं प्रशिक्षण घेतलेली. ती म्हणाली, ‘हो म्हणाल्या असं वाटलं तुला?’ आणि पुन्हा आत जाऊन खुर्ची ओढून बसली. किती जणांचं करता? आधी कोण जेवतं? तुम्ही कधी जेवता? अर्ध्या तासाने कळलं की बाई सगळ्यांच्या मागून, उरलेलं खातात आणि गोळी फक्त ज्या दिवशी साखर ‘चढल्यासारखी’ वाटते त्या दिवशी घेतात. मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘हे ‘सी, दोक्तोरा’ मी सिन्नरच्या ओपीडीत ‘बरं बाई’ या शब्दांत शेकडो वेळा ऐकलं होतं, तरी ओळखता आलं नाही.’

तिची स्पॅनिश कच्ची नव्हती. ती सांगण्यापुरती होती, ऐकण्यापुरती नव्हती.

वास्तविक मराठी माणसाला ही भाषा जड जाऊ नये. इंग्रजी जिभेला जे त आणि द अवघड वाटतात ते आपल्याकडे बाळबोधात आहेत. स्वर पाच आणि मोकळे. ‘मे दुएले ला काबेसा’ची रचना शब्दशः ‘मला दुखतं डोकं’ अशी, ‘मे गुस्ता’ म्हणजे चक्क ‘मला आवडतं’. गोळी चुकली तर लोक ‘से मे ओल्विदो ला पास्तिया’ म्हणतात. यातला भाव आपल्या ‘गोळी राहिली’ या बोलण्याच्या जवळचा आहे. त्याचं इंग्रजी ‘मी गोळी विसरलो’ असं होतं आणि कागदावर ‘रुग्ण औषध नियमित घेत नाही’ अशी नोंद पडते. ‘राहिली’ म्हणणाऱ्याला पुढे विचारायचं असतं, ‘कशामुळे राहिली हो?’ हे मराठीत वाढलेल्याला सुचायला हवं.

तसंच तू आणि तुम्हीचं. स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणजे तूच, आणि ‘तुम्ही’साठी ‘उस्तेद’. मोबाइलवर शिकून आलेली मंडळी बहुधा ‘तू’वरच थांबतात आणि सत्तरीच्या आजोबांना ‘तोमा’ म्हणतात, म्हणजे ‘घे’. म्हणायला हवं ‘तोमे’, म्हणजे ‘घ्या’. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीत ‘तू’ सर्रास चालतं हे खरं, पण उस्तेदने सुरुवात करून कुणाचं बिघडल्याचं ऐकिवात नाही. आणखी एक : वर्ष म्हणजे ‘आन्यो’. त्यातल्या न वरची नागमोडी रेघ छापताना गळाली की ‘आनो’ उरतो, म्हणजे गुदद्वार. ‘तुमचं वय किती वर्षं’ हे विचारणारा फॉर्म मग काय विचारतो ते वाचकांनी ताडावं.

लोकांशी त्यांच्या स्पॅनिशमध्ये बोलणं वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. १९२० च्या दशकात हा परागंदा क्रांतिकारक मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागला, मक्यावर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. कणसांबद्दल शेतकऱ्याशी बोलायचं तर त्याच्याच भाषेत बोलावं लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. अर्धवट स्पॅनिश हे धोकादायक हत्यार आहे. २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक प्रकरण छापून आलं. दोन वर्षांची मुलगी तीनचाकीवरून पडली, खांद्याचं हाड मोडलं. आई म्हणाली, तिला लागलं. स्पॅनिशमध्ये ‘पेगार’ म्हणजे मारणं, आणि ‘से पेगो’ म्हणजे स्वतःला लागून घेणं. थोडीफार स्पॅनिश येणाऱ्या निवासी डॉक्टरने ऐकलं ते असं, की मुलीला मारलं. बालसंरक्षण खात्याला फोन गेला. तिथली कर्मचारी दुभाषी न घेता आली आणि आईने दोन्ही मुलांचा ताबा सोडल्याच्या कागदावर सही करून दिली. ‘लागलं’ आणि ‘मारलं’ यांतला फरक आपल्याकडे पाच वर्षांच्या पोराला कळतो. त्या डॉक्टरला स्पॅनिश अजिबात येत नसती तर त्याने दुभाषी बोलावला असता.

त्याआधीचं, १९८० चं फ्लोरिडातलं प्रकरण तर अभ्यासक्रमात शिकवतात. अठरा वर्षांच्या बेशुद्ध मुलाला आणलं, क्युबन घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ म्हटलं. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काही बाधलं. डॉक्टरांनी इंग्रजी कानाने ऐकलं आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू केले. मेंदूतला रक्तस्राव दोन दिवस कुणाच्या ध्यानात आला नाही. मुलगा दोन्ही हातापायांनी अधू झाला. यंत्राचंही तेच. जानेवारी २०२१ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्यखात्याच्या संकेतस्थळावर कोविडची लस सक्तीची नाही, या वाक्याचं यांत्रिक स्पॅनिश भाषांतर ‘लस गरजेची नाही’ असं होऊन बसलं होतं. ज्या समाजात साथीने जास्त माणसं नेली, त्याच समाजाला सरकार हे सांगत होतं.

म्हणून आमचं म्हणणं : स्पॅनिश शिका, पण दुभाष्याला रजा द्यायला नव्हे. निदान, संमतीपत्र, मात्रा, वाईट बातमी या चार ठिकाणी तुमची स्पॅनिश कितीही चांगली असो, प्रशिक्षित दुभाषी हवा, आणि घरातली दहा वर्षांची मुलगी दुभाषी नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि पुढे आरोग्यसेवा कायद्याने भाषासाहाय्याला आधार दिला आहे. क्लिंटन यांनी २००० साली काढलेला त्याबाबतचा आदेश मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. कायदे जागेवर आहेत, पण बजेट कापणाऱ्याला सबब मिळाली.

मग शिकायचं काय? शरीरशास्त्राची यादी पाठ करून फार हाती लागत नाही. स्वयंपाकघर, शेत, नातीगोती आणि लोकांचे स्वतःचे आजार शिका. ‘माल दे ओखो’ म्हणजे दृष्ट लागणं. तिकडे बाळावरून अंडं फिरवतात, आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो. हसण्याचं कारण नाही आणि आपल्याला तर अजिबातच नाही. ‘सुस्तो’ म्हणजे भेदरून आजारी पडणं. ‘एम्पाचो’ म्हणजे खाल्लेलं पोटात अडकून बसणं. १९८० च्या सुमारास असं दिसलं की एम्पाचोवर काही घरांत ‘ग्रेता’ आणि ‘आसार्कोन’ नावाच्या पिवळ्या-केशरी पुड्या देतात आणि त्या जवळजवळ निव्वळ शिशाच्या संयुगांच्या असतात. ‘बाळाचा शिशाशी संपर्क आला होता का’ असं विचारलंत तर आई प्रामाणिकपणे नाही म्हणेल. ‘एम्पाचो झालं तेव्हा काय दिलंत’ असं न रागावता विचारलंत तर पुडी कपाटातून बाहेर येईल.

आणि स्पॅनिश आली म्हणून गड सर झाला असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतांत मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेले मिश्तेको, सापोतेको, त्रिकी बोलणारे मजूर आहेत. त्यांना स्पॅनिश जेमतेम येते, आणि ती येत नाही हे सांगायची लाज वाटते. मेळघाटात कोरकू आईला मराठीत पोषणाचं व्याख्यान देऊन ‘समजलं ना?’ विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यंदा जाणाऱ्यांना एवढंच सुचवतो : दोन महिने रोज एक तास, आणि त्यातला अर्धा नुसता ऐकण्यात घालवा. तिकडे गेल्यावर पहिल्या प्रोमोतोराला गुरू करा. आधीपासून तिकडे असलेल्यांसाठी एक विनंती. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, कुठेही असा, घरभेटीत ऐकलेला आणि पुस्तकात न सापडलेला शब्द आम्हाला लिहून पाठवा : कोणी वापरला, कुठल्या देशाचं माणूस, नेमकं कशासाठी. रुग्णाचं नाव नको. दिवाळी अंकानंतर त्यांची यादी या पानावर क्रमाने छापू.