झुल्याचा भार झाडावर कशाला?

पवनेच्या काठावर, भंडारदऱ्यात, कोकणातल्या किनाऱ्यांवर शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात. आता तंबूच्या जोडीला कापडी झुलाही आला आहे. दोन झाडं शोधायची, दोर आवळायचा आणि आडवं व्हायचं, इतकं ते सोपं वाटतं. झुला उत्तम आहे. उघड्यावर त्यात पडून राहण्यासारखं सुख नाही. पण जिथवर गाडी पोहोचते, तिथे तो झाडाला न बांधता स्वतःच्या स्टँडवर टांगावा आणि तो स्टँडही आपल्या जमिनीला साजेसा बदलून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

झुल्याचा दोर झाडाला किती ओढतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. माणूस सत्तर किलोचा असला की प्रत्येक बाजूला पस्तीस किलोचा भार येत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. दोर जमिनीच्या समांतर रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक दोरावर पूर्ण 70 किलोएवढा ताण येतो. झुला खाली लोंबू नये म्हणून दोर ताठ ओढला आणि कोन 10 अंशांवर आला, की तोच ताण 200 किलोच्या घरात जातो. शिवाय माणूस कूस बदलतो, मुलं झोके घेतात, आणि हा सगळा ताण बोटाएवढ्या नायलॉनच्या दोरीतून सालीवर उतरतो. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो. दोरी तिथेच काचते. खोडाभोवती तो थर पूर्ण तुटला, तर मुळं उपाशी राहून झाड वाळतं. एका रात्रीत हे घडत नाही, हे मान्य. पण पाण्याजवळची, सपाटीवरची, नेमक्या अंतरावरची दोन झाडं प्रत्येक कॅम्पवर ठरलेली असतात आणि दर आठवड्याला नवा पाहुणा त्यांनाच दोर बांधतो.

भंडारदरा परिसरात तर प्रश्न झाडापुरताही राहत नाही. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, तिथे हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे लखलखतात. काजव्यांच्या अळ्या जमिनीवरच्या ओलसर पालापाचोळ्यात वाढतात. झुल्यासाठी झाडाखाली गेलेला माणूस बुंध्याभोवतीची नेमकी तीच जागा तुडवतो. स्टँड असेल तर झुला झाडीपासून दूर, मोकळ्या पडीक जागेत लावता येतो. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

मात्र बाजारातला स्टँड आणला आणि उभा केला, एवढ्याने भागत नाही. तो बहुधा बंगल्यापुढच्या सपाट हिरवळीसाठी घडवलेला असतो. धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात त्याचे पाय रुततात, तर जांभ्याच्या सड्यावर ते घसरतात आणि खुंटी ठोकायची सोयही नसते. यावरचे उपाय तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात होतात. पायांखाली वीतभर रुंदीच्या लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवाव्यात आणि त्यांच्या तळाला जुन्या टायरचं रबर लावावं. उतारासाठी एका बाजूचे पाय नळीत नळी सरकणारे आणि खीळ अडकवून उंची ठरवता येईल असे करून घ्यावेत. काठावरचा संध्याकाळचा वारा आडवा असतो, म्हणून तळाच्या दांड्यावर मुरमाने भरलेली पोती ठेवावीत. टोकांना ठरावीक आकडा नको, साखळी हवी. एक कडी पुढेमागे केली की झुल्याचा कोन साधतो. मच्छरदाणी आणि ताडपत्रीसाठी दोन उभ्या सळ्या जोडल्या की पावसाळी रात्रही निभावते. जपायचं ते भोकं पाडताना. वाकवलेल्या भागाजवळ नळीला छिद्र पाडलं, तर ती तिथेच मोडते. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीवर वेल्डिंग करताना निघणारा धूर विषारी असतो. कारागिराला आधी मुलामा घासून काढायला आणि काम उघड्यावर करायला सांगावं. शेवटी सांध्यांना रेड ऑक्साइड हवंच, नाहीतर आपल्याकडचा एक पावसाळा ते खाऊन टाकतो.

स्टँड जड असतो, हा आक्षेप खरा आहे. पोलादी स्टँड बऱ्याचदा दहा किलोंच्या वर जातो आणि तो पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड कोणी चढणार नाही. गडावर जाणाऱ्याने चटई अंथरून जमिनीवर झोपावं. झुला ही तिथली गरज नाही. रुंद पट्टा वापरला तर जुन्या, दणकट आंब्याला इजा होत नाही, असंही म्हणतात. एखाद्या वेळेपुरतं ते पटण्यासारखं आहे, पण दर आठवड्याला पट्ट्याची रुंदी आणि खोडाचं वय तपासणार कोण? खर्चाचं म्हणाल, तर लोखंडच हवं असा नियम नाही. शेताच्या बांधावर आणि ऊसतोडीच्या फडात बायका तीन काठ्यांची तिवई करून बाळाची झोळी टांगतात. मोठ्या माणसासाठी जाड, पक्व बांबूच्या दोन तिवया आणि त्यांच्या माथ्यांना जोडणारा एक भक्कम आडवा बांबू लागेल. दोन्ही तिवयांना आत ओढणारा ताण तो आडवा बांबू पेलतो. बांबू चिरलेला नाही ना, हे मात्र दर वेळी पाहावं.

कॅम्प चालवणाऱ्यांनी हा खर्च एकदा करावा आणि आपल्या आवारातल्या झाडांवरचे दोर उतरवावेत. पाहुण्यांनीही जागा ठरवताना जेवणाची चौकशी करतात, तशी झुला कशाला टांगलेला असेल याचीही करावी, आणि उत्तर झाड असं आलं तर दुसरी जागा शोधावी.