भाड्याची त्रिशलामाता नको



पर्युषण तोंडावर आलं आहे. अठ्ठाई कोण करणार, बियासण्याची सोय कुठे, पारण्याला काय, याची चर्चा आपल्या मंडळाच्या ग्रुपवर सुरू झाली आहे. पण गेल्या आठ दिवसांत सगळ्यांत जास्त मेसेज आले ते पाठशाळेच्या वेशभूषेचे. पेणला मुकुट कुठे मिळतो, पनवेलला इंद्राचा ड्रेस किती भाड्याने देतात, सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा त्रिशलामातेचा घागरा कुणाकडे आहे का. एकीने तर विचारलं, "दोन दिवस आधी आणला तर भाडं दुप्पट घेतात का हो?"

मी सरळच लिहिते. भाड्याचा पोशाख पाठशाळेच्या मंचावर बंद झाला पाहिजे. पुढच्या वर्षी नको, याच वर्षी. तो पोशाख कुरूप असतो म्हणून मी हे म्हणत नाही. उलट तो फार चकचकीत असतो, आणि त्या चकचकाटात आपण मुलांना जे शिकवायला निघालो तेच हरवतं.

काय शिकवायला निघालो होतो? महावीर जन्मवाचनाच्या दिवशी आपण चौदा स्वप्नं उतरवतो. हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी, पुष्पमाळा, चंद्र, सूर्य, ध्वज, कलश, पद्मसरोवर, क्षीरसमुद्र, देवविमान, रत्नराशी आणि निर्धूम अग्नी. दिगंबर परंपरेत ही स्वप्नं सोळा आहेत. ही स्वप्नं ज्यांच्या येण्याची, त्या वर्धमानांनी दीक्षेआधी वर्षभर दान दिलं, तिसाव्या वर्षी अंगावरचे दागिने उतरवले आणि पंचमुष्टी लोच करून घर सोडलं. दागिने उतरवणाऱ्याची गोष्ट सांगण्यासाठी आपण मुलांच्या अंगावर भाड्याचे दागिने चढवतो. हे विचित्र आहे असं कुणालाच वाटत नाही का?

आणि हा प्रश्न फक्त विसंगतीचा नाही. आपल्या गावातला संघ लहान आहे. कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत असतं. एका घराला आठशे रुपये भाडं आणि वर अनामत रक्कम जड जात नाही, दुसऱ्या घराला जाते. त्या दुसऱ्या घरातली आई "पैसे नाहीत" असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, "हिला जरा ताप आहे, यंदा राहू दे." असा ताप मी तीन वर्षं बघते आहे, तो नेमका वेशभूषेच्या आदल्या दिवशी येतो. ज्या धर्माने अपरिग्रह हे व्रत मानलं, त्याच्या पाठशाळेत परिग्रह कमी म्हणून मूल घरी बसतं. सुपनांच्या बोलीत घातलेला पैसा निदान संघाच्या कामी येतो. हा भाड्याचा पैसा कुठे गेला?

आता मला उत्तर मिळेल, "ताई, मुलांची गंमत आहे. नाटकच तर आहे. इतकं काय मनावर घेता?"

मैत्रिणींनो, नाटकाला "नुसतं नाटक" म्हणणारा धर्म आपला नाही. राजा यशोधराची कथा तुम्ही व्याख्यानात ऐकली असेल. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. राजाने देवीपुढे खरा कोंबडा मारला नव्हता. आईच्या हट्टापायी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला होता. कोंबडा खोटा होता, पण मारण्याचा भाव खरा होता. त्यासाठी मायलेकांना जन्मोजन्म भोगावं लागलं. म्हणजे आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं होतं की खोट्या वस्तूशीसुद्धा माणूस खऱ्या भावाने वागतो. मूल तर वागतंच. मग वेश चढवताना त्याच्या मनात कोणता भाव तयार होतो, हे बघणं हे आईचं काम आहे. दुकानातून पिशवीत आलेला, आईने घाईघाईत टाचलेला आणि "अगं डाग पडेल, अनामत जाईल" असं दहा वेळा बजावलेला पोशाख घालून उभ्या असलेल्या मुलीच्या मनात एकच भाव असतो, तो म्हणजे धाक.

त्या पोशाखात काय काय असतं, हेही कधी उलटून बघा. रेशमी काठ असेल तर तो कोष उकळत्या पाण्यात टाकून काढलेल्या धाग्याचा असतो, आणि एका रेशमी साडीसाठी असे हजारो कोष लागतात. लाखेच्या बांगड्या लाखेच्या किड्यांपासून येतात. जुन्या पद्धतीचा सरस जनावरांच्या कातड्याहाडांपासून करतात, आणि भाड्याच्या मुकुटावरचे खडे कशाने चिकटवले आहेत हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. मिठाईवरच्या वरखाबद्दल आपल्या समाजाने वर्षानुवर्षं प्रश्न विचारले. शेवटी २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वरख बनवताना प्राण्यांपासून आलेलं काहीही वापरायचं नाही असा नियम केला. काजूकतलीवरच्या वरखाला प्रश्न विचारणाऱ्या आपण, मुलाच्या कपाळावर बांधलेल्या मुकुटाला का विचारत नाही?

मग उरतं थर्माकोल आणि प्लास्टिक. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू आहे. तरी पाळणा थर्माकोलचा, देवविमान थर्माकोलचं. नागोठण्यात राहून प्लास्टिकला शिव्या देणं मला जमणार नाही. इथला पेट्रोकेमिकल कारखाना, आधीचा आयपीसीएलचा आणि आता रिलायन्सचा, तीन दशकांहून जास्त काळ प्लास्टिकचा दाणा बनवतो आहे. त्यावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात आणि आपल्या दुकानांत गिऱ्हाईक येतं. दाण्याची पाइप होते, पाण्याची टाकी होते, ती वर्षानुवर्षं टिकते. माझा राग दाण्यावर नाही. एक तास मिरवायचं आणि दुसऱ्या दिवशी अंबा नदीच्या काठावर टाकायचं, या आपल्या सवयीवर आहे.

"पण आम्हाला वेळ कुठे आहे?" हा पुढचा प्रश्न. तो मला मान्य आहे. पर्युषणात सकाळी पूजा, मग व्याख्यान, दुपारी दुकान, सूर्यास्ताआधी चौविहार, संध्याकाळी प्रतिक्रमण. पण पेणला जायचं, माप जमलं नाही म्हणून बदलायला परत जायचं, आणि नंतर पोशाख परत करायला जायचं, यात महामार्गावर किती वेळ गेला तो मोजा. त्याहून कमी वेळात घरी काय होतं ते सांगते.

मुकुटासाठी लग्नपत्रिका घ्या. आपल्या घरात जाड, सोनेरी छपाईच्या पत्रिकांचा ढीग असतो. भगवंतांचं चित्र किंवा नवकार छापलेला भाग आधी आदराने वेगळा काढा, आशातना नको. उरलेल्या कागदाच्या पट्ट्या मुलालाच कापू द्या. पट्टा डोक्याभोवती मोजायचा आणि मागे दोरीने बांधायचा. चिकटवण्यापेक्षा बांधणं बरं, कारण आपल्या कोकणातल्या श्रावण-भाद्रपदात काहीही वाळत नाही. खळ लागलीच तर मैद्याची, वाटीभरच करा आणि त्याच दिवशी संपवा. शिळ्या खळीत जीवोत्पत्ती होते, हे वेगळं सांगायला नको.

चौदा स्वप्नांसाठी कपड्याच्या दुकानात शर्टाच्या घडीत येणारे पुठ्ठे मागून आणा. ते बहुधा टाकूनच देतात. प्रत्येक मुलाने एका पुठ्ठ्यावर एक स्वप्न काढायचं आणि दोरीने गळ्यात अडकवायचं. हत्ती, वृषभ, सिंह पुठ्ठ्यावर रंगवायचे, कात्रीने कापायचे नाहीत. यशोधराची कथा सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. निर्धूम अग्नीला केशरी ओढणी, क्षीरसमुद्राला पांढरं धोतर, पद्मसरोवराला आजीची गुलाबी सुती साडी. त्रिशलामातेला आईचीच साडी, कमरेत खोचून. मूल चालताना अडखळेल, साडी सावरेल. सावरू दे.

"पण बाकीच्यांपुढे मुलाला कमीपणा वाटतो." याचा उपाय मुलाकडे नाही, आपल्याकडे आहे. निम्मी मुलं भाड्याच्या जरीत आणि निम्मी पत्रिकेच्या मुकुटात उभी राहिली तर कमीपणा वाटणारच. म्हणून हा निर्णय एकेका घराने घ्यायचा नसून मंडळाने घ्यायचा आहे. सगळ्यांचेच मुकुट पुठ्ठ्याचे असले की मुलं एकमेकांना विचारतात, "तुझा कसा केलास?" भाड्याच्या मुकुटाबद्दल हा प्रश्न विचारताच येत नाही. तिथे "कितीला आणलास?" एवढंच विचारता येतं.

काही जणी हळूच म्हणतील, "आपल्याच माणसांची दुकानं आहेत, त्यांच्या पोटावर पाय का?" मी स्वतः दुकानदाराच्या घरातली आहे. माझं म्हणणं एवढंच की पाठशाळा हा आपला बाजार नाही. वर्षाचे इतर दिवस आहेत, शाळांची स्नेहसंमेलनं आहेत. धंदा बुडत नाही. शिवाय दोरी, रंग, कागद आपण दुकानातूनच घेणार आहोत.

हाताने काही घडवण्याचं मोल आपल्या तालुक्याशेजारच्या पेणला विचारा. गणपतीच्या मूर्तींसाठी त्या गावाचं नाव परदेशात पोचलं, ते पिढ्यानपिढ्या मातीत हात घातल्यामुळे. आपल्याकडेही ही परंपरा आहे. देरासरात तांदळाचा स्वस्तिक काढणारी पाच वर्षांची मुलगी चार गती, त्यावर ज्ञान-दर्शन-चारित्र्याच्या तीन ढिगल्या आणि वर सिद्धशिलेची कोर बोटांनी शिकते. तो स्वस्तिक वाकडा आला म्हणून कुणी रेडिमेड स्टिकर चिकटवत नाही. मग मुकुट वाकडा आला तर काय बिघडलं?

शाळेतल्या हस्तकलेबद्दलही बोलायला हवं. बटाट्याचे ठसे, भेंडीचे ठसे आणायला सांगतात. चातुर्मासात, त्यातही अष्टमी-चौदसला, आपलं मूल बटाटा कापून रंगात बुडवतं आणि आपण गप्प बसतो, कारण बाईंना काय सांगायचं हा संकोच. संकोच कशाला? दोन ओळींची चिठ्ठी द्या आणि सोबत पर्याय द्या. दोऱ्याचं रिकामं रीळ, बांगडी, बाटलीचं बूच, सगळ्यांचे सुंदर ठसे उठतात. नुसतं "आमच्यात चालत नाही" म्हटलं की मूल एकटं पडतं. पर्याय हातात दिला की बाकीची मुलंही तो मागतात.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. साधू-साध्वींचा वेश स्पर्धेत नको, घरी केलेलाही नको. ओघा टाळ्यांसाठी हातात घ्यायची वस्तू नाही. नाटकच हवं असेल तर सहा लेश्या घ्या. जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले वाटसरू. पहिला म्हणतो झाड मुळासकट पाडू, दुसरा मोठ्या फांद्या तोडू म्हणतो, तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळं, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचून खाऊ. सहा मुलं आणि सहा जुन्या ओढण्या लागतात. कृष्ण लेश्येला काळी, नील लेश्येला निळी, कापोत लेश्येला पारव्याच्या रंगाची, तेजोलेश्येला लाल, पद्म लेश्येला पिवळी, शुक्ल लेश्येला पांढरी. झाड म्हणून एक उंच मुलगा हात पसरून उभा करा. जांभळं पर्युषणापर्यंत संपलेली असतात, तर काळी बटणं विखरा. कोकणातल्या मुलाला जांभळाचं झाड समजावून सांगावं लागत नाही. आणि झाड झालेला मुलगा "मला पाडू नका" असं आपणहून म्हणाला तर समजा पाठशाळा सफल झाली.

तेव्हा मंडळाच्या येत्या बैठकीत मी चार गोष्टी मांडणार आहे. भाड्याचा किंवा विकतचा तयार पोशाख नको. खर्च पन्नास रुपयांच्या वर नको. पोशाखातली एक तरी वस्तू मुलाने स्वतः केलेली असावी आणि ती कशी केली हे त्याने मंचावर दोन वाक्यांत सांगावं. पहिला-दुसरा नंबर बंद करून सगळ्यांना सारखी प्रभावना द्यावी.

ज्यांना पटत नाही त्यांनी बैठकीत येऊन बोलावं, ग्रुपवर अंगठे दाखवू नयेत. ज्यांना पटतं त्यांनी आजच घरातल्या पत्रिका बाजूला काढून ठेवाव्यात. आणि ज्या घरात यंदाही "ताप" येणार असेल, त्या ताईला मी आत्ताच सांगते, शर्टाचे पुठ्ठे माझ्याकडे भरपूर आहेत. लेकीला घेऊन ये, आपण दोघी मिळून बसू.

जय जिनेंद्र.