पत्रिकेवरचा नत्र आणि मातीतला नत्र

भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोळशापासून कोक तयार होताना कोळशातला नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. तो गंधकाम्लात शोषून घेतला की अमोनियम सल्फेट मिळते. या खतात सुमारे २१ टक्के नत्र असतो, हे कारखान्याची प्रयोगशाळा निःशंकपणे सांगू शकते, कारण ते मोजमाप आहे. कारखान्याच्या कुंपणापलीकडे, दुर्ग जिल्ह्यातल्या धानाच्या शेतात, मातीतला नत्र तितक्याच निःशंकपणे जमीन आरोग्य पत्रिकेवर छापलेला असतो: 'उपलब्ध नत्र, इतके किलो प्रतिहेक्टर'. हे मात्र मोजमाप नव्हे. त्याला किलोचे एकक लावणे ही वैज्ञानिक गैरशिस्त आहे.

गणित शाळकरी आहे. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २२.४ लाख किलोंचा. त्यात एकूण नत्र ०.०५ टक्के धरला, तर तो ११२० किलो होतो. त्यातला बहुतांश सेंद्रिय पदार्थात अडकलेला असतो आणि एका हंगामात जिवाणू त्यातला अगदी थोडा हिस्सा मोकळा करतात. पत्रिका मात्र अशा जमिनीला सहज २५० किलो 'उपलब्ध' नत्र बहाल करते, म्हणजे एकूण साठ्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. हेक्टरी पाच टन धान्य देणारे भाताचे पीक दाणा आणि पेंढा मिळून ७५ ते १०० किलो नत्र उचलते. मग २५० किलो खरोखर उपलब्ध असतील तर युरियाची गरजच काय? पण २८० किलोंच्या खाली म्हणजे 'कमी' असे सांगून तीच पत्रिका खताची शिफारस करते. दोन्ही विधाने एकाच कागदावर असतात आणि कोणालाही त्यात वावगे दिसत नाही.

या आकड्यामागची पद्धत सुब्बय्या आणि असिजा यांनी १९५६ साली 'करंट सायन्स'मध्ये मांडली. मातीवर अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेटची क्रिया करून ऊर्ध्वपातनाने निघणारा अमोनिया मोजायचा. पद्धत स्वस्त व जलद आहे आणि त्या काळात तिचे मोल मोठे होते. पण परमँगनेट काही मिनिटांत जे सोडवते आणि जिवाणू चार महिन्यांत जे सोडवतात, ते एकच आहे असे मानायला आधार नाही. कित्येक ठिकाणी तर एवढीही तसदी न घेता सेंद्रिय कर्बावरून नत्राचा वर्ग ठरवला जातो: ०.५ टक्क्यांखाली कमी, ०.७५ च्या वर जास्त.

मुळात उपलब्धता हा साठा नाही, तो दर आहे. ओलावा, तापमान आणि प्राणवायू यांवर अवलंबून असलेला दर. नमुना वाळवून, कुटून, चाळून तपासला जातो आणि पीक उभे असते चिखलात. पाणी साचलेल्या बांधीत प्राणवायू संपतो, खनिजीकरण अमोनियमपाशी थांबते आणि आधीचा नायट्रेट विनत्रीकरणाने हवेत निघून जातो. शिवाय छत्तीसगडच्या एकाच उतारावर वरून खाली भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार जातींच्या जमिनी लागतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेने कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना ठरवला होता. त्या चौकोनात मुरमाड भाठा आणि काळी कन्हार दोन्ही सापडू शकतात. ज्याची मटासी आहे त्याच्या हाती शेजाऱ्याच्या कन्हारचा आकडा पडतो.

समर्थक म्हणतात, काहीच नसण्यापेक्षा ढोबळ निर्देशांक बरा. हा युक्तिवाद स्फुरद आणि पालाश यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी मान्य करता येईल. नत्राच्या बाबतीत देशातल्या बहुतेक जमिनींना 'कमी' हाच शेरा मिळतो. ज्या चाचणीचे उत्तर आधीच ठाऊक असते, तिच्यातून माहिती किती मिळते, हे माहितीशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. राममूर्तींच्या कामातून १९६७ नंतर उभी राहिलेली उत्पादन-लक्ष्याची समीकरणे अधिक प्रामाणिक आहेत: त्यांत मातीच्या आकड्याला शेतातल्या प्रयोगांतून काढलेल्या अपूर्णांकाने गुणले जाते. म्हणजे छापलेले किलो हे किलो नव्हेत, याची कबुली कृषिशास्त्राने कधीच दिली आहे. ती पत्रिकेपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

चांगल्या पद्धती नाहीत असेही नाही. वेअरिंग आणि ब्रेमनर यांनी १९६४ मध्ये माती पाण्याखाली उबवून तयार होणारा अमोनियम मोजला; भातासाठी ही कल्पना कितीतरी अधिक सयुक्तिक आहे. स्टॅनफर्ड आणि स्मिथ यांनी १९७२ मध्ये ३० आठवडे उबवणी केली. पेरणीपूर्वी तेवढा वेळ कोणापाशी असणार, हा आक्षेप खरा आहे. पण मग घाईचा आकडा अचूकतेचा आव आणून का छापावा?

याची किंमत कोण मोजतो? अनुदानामुळे ४५ किलोंची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यामुळे 'कमी' वाचलेला शेतकरी आणखी एक गोणी टाकायला कचरत नाही. जादा नत्राने धान लोळते, तुडतुडे वाढतात, आणि काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन वातावरणात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो.

पत्रिकेवर नत्राच्या रकान्यातून 'किलो' काढून टाकावे, पद्धतीचे नाव आणि त्रुटीची मर्यादा छापावी. बांधीच्या एका कोपऱ्यात युरिया न घालता पीक घेतले, तर ती माती स्वतः किती नत्र पुरवते हे कापणीला कळते. आणि उभ्या पिकात पानांच्या रंगतक्त्याने पुढचा हप्ता ठरवता येतो. वाटलेल्या पत्रिकांची संख्या कोटींत सांगणाऱ्या बातम्यांनी पुढच्या वेळी असे किती कोपरे राखले गेले, तेही विचारावे.