गाडी एकाएकी जास्त पेट्रोल पिऊ लागली तर

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ज्यांच्या घरातील कोणी नोकरी केली आहे, त्यांना ‘कोक रेट’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एक टन लोखंड तयार होण्यास किती कोक खर्ची पडला, हा आकडा झोतभट्टीच्या प्रकृतीचा आरसा असतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा भट्टीचा कोक एकाएकी जास्त जळू लागला, तर जाणता मनुष्य केवळ कोकला दोष देऊन स्वस्थ बसत नाही. तो कारण शोधतो. दारातल्या मोटारीलाही हाच न्याय लावावयास हवा.

आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब भिलाईच्या एका सेक्टरात राहते. पावसाळ्यात त्यांची गाडी तीन आठवडे क्वार्टरसमोर उघड्यावर, हँडब्रेक ओढून, उभी होती. त्यानंतर लिटरला सतरा किलोमीटर जाणारी ती गाडी तेरावर आली. महिन्याला सहाशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला त्यामुळे सुमारे अकरा लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरचा भाव शंभर रुपये धरला, तर मासिक खर्चात अकराशे रुपयांची भर पडली! त्यातच वृद्ध आईला उपचारासाठी नागपूरला न्यावयाचे होते. म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरचा हमरस्त्याचा प्रवास.

अशा वेळी पहिले काम मोजमापाचे. काचेमागचा काटा किंवा पडद्यावरचा आकडा यांवर विसंबू नये. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर टिपून ठेवावेत आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरावी. मधल्या अंतरास दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागले की खरे अ‍ॅव्हरेज मिळते. एका हिशेबावर निर्णय न देता असे दोन-तीन हिशेब करावेत. शाळा, बाजार, सिव्हिक सेंटर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या वाढल्या असतील, तर इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल घेते. तो गाडीचा दोष नव्हे.

दुसरा संशय पंपावर जातो. पाच लिटरच्या प्रमाणित मापाने पेट्रोल मोजून दाखवा, असे सांगण्याचा ग्राहकास अधिकार आहे. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानतात. तो अर्धा टक्काच होतो.

तिसरा संशय इथेनॉलवर. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते, म्हणून वीस टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज थोडे उतरते हे खरे. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकी गाड्यांसाठी ही घट सहा ते सात टक्के सांगितली आहे. आता आपणच हिशेब करावा. सतरावरून तेरा ही घट तेवीस टक्क्यांहून अधिक आहे. सात टक्क्यांचे कारण तेवीस टक्क्यांचा भार कसा वाहील? तेव्हा दोष गाडीतच शोधावयास हवा.

येथे पुष्कळजण घाईने पैसे घालवतात. एअर फिल्टर बदलावा, हा पहिला सल्ला असतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना तो लागू होता; परंतु अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत असे दिसले की, नव्या पद्धतीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर तुंबल्याने वेग घेण्याची शक्ती घटते, पेट्रोलचा खर्च फारसा वाढत नाही. या कुटुंबाला एका मिस्त्रीने ऑक्सिजन सेन्सर बदलण्यास सांगितले. सेन्सर बिघडल्यास पेट्रोल जास्त जळते हे खरे. पण स्टीअरिंगखालच्या खाचेत यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचल्यावाचून हजारो रुपयांचा भाग बदलू नये. तो क्रमांकही दोषाची दिशा दाखवतो, नेमका भाग नव्हे. इंजिन नेहमीइतके तापतच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे का, हे आधी पाहावे.

त्याहीपूर्वी फुकटच्या परीक्षा कराव्यात. टायर थंड असताना हवा तपासावी. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीजवळ लिहिलेला असतो. पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र गाडी सुरूच करू नये व मिस्त्रीला घरी बोलवावे. मग मोकळ्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर जावे, ब्रेक शक्य तितका कमी वापरावा, थांबावे आणि हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्यावी. स्पर्श करू नये. पुढची चाके थोडी जास्त तापतात, ते स्वाभाविक आहे. डाव्या-उजव्यात मोठा फरक मात्र असू नये.

त्या कुटुंबाला उत्तर येथेच मिळाले. मागचे डावे चाक भट्टीसारखे तापले होते. दमट हवेत हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेकचे शू ड्रमला सतत घासत होते. म्हणजे गाडी रोज ब्रेक लावूनच धावत होती! नवी केबल, नवे शू आणि ड्रमची साफसफाई एवढ्यावर काम भागले. पुढच्या दोन हिशेबांत अ‍ॅव्हरेज पुन्हा सतराच्या घरात आले.

वाचकहो, येथे प्रश्न केवळ अकराशे रुपयांचा नव्हता. घासणाऱ्या ब्रेकची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ते ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि जुने झाले की लवकर उकळते. उकळलेल्या ऑइलात वाफ होते व पायाखालचे पेडल ऐन वेळी पोकळ जाते. साकोली-भंडाऱ्याच्या वाटेवर, समोर मालट्रक आणि मागच्या आसनावर आजारी आई असताना असे झाले असते तर?

म्हणून गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवावयाची असेल, तर ती सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक सैल सोडावा. ब्रेक ऑइल साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलावे. गाडीत एक छोटी वही ठेवून तारीख, लिटर आणि किलोमीटर एवढे तीनच आकडे दर वेळी लिहावेत. हे काम घरातील शाळकरी मुलेही आवडीने करतील. गाडीची तक्रार प्रथम त्या वहीतच उमटेल.